अनुभव धागा: कालप्रवासाच्या कथेतलं भूत आणि आठवण

कालप्रवासाच्या कथा लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मन लावून वाचणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. प्रवासी परक्या काळात भुतासारखा का वावरतो आणि त्याच्या आठवणींचा हिशेब कसा ठेवायचा, एवढंच लिहा. काय जमतं, काय फसतं आणि का, हे सांगा.

कथालेखन
पहिल्या पानाआधी चार गोष्टी ठरवाव्यात: प्रवासी दिसतो का, ऐकू येतो का, वस्तू हलवू शकतो का, त्याला जखम होते का. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१८४३) कंजूष म्हातारा स्क्रूज आपलं बालपण पाहतो, पण तिथल्या कुणालाच तो दिसत नाही. म्हणजे गतकाळात भूत झालेला असतो तो स्वतः! चारही उत्तरं 'नाही' असतील तर कथेचा सगळा भार पाहणाऱ्याच्या पश्चात्तापावर येतो. मधेच सोयीसाठी त्याला दार उघडू दिलं, तर वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

चित्रपट-अभ्यास
क्रिस मार्करचा 'ला जते' (१९६२) जरूर पाहा. अठ्ठावीस मिनिटांचा, जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. ज्याच्या मनात भूतकाळातली एक प्रतिमा घट्ट रुतली आहे, त्याचीच प्रवासासाठी निवड होते. इथे आठवण हेच इंधन. तिथे भेटणारी स्त्री त्याला आपलं भूत म्हणते, कारण तो न सांगता येतो नि नाहीसा होतो. तिच्या पापण्या उघडतात तेवढंच एक दृश्य हलतं, आणि ते काळजात घुसतं. लेखनातही जिवंत, हलता तपशील असा राखून ठेवावा. प्रत्येक आठवणीला वास, रंग, आवाज दिले की एकही लक्षात राहत नाही.

संपादन
सर्वाधिक चुका सापडतात त्या 'कुणाला काय आठवतं' इथे. तीन रकान्यांचा तक्ता करावा: जगाची तारीख, प्रवाशाचं वय, त्या क्षणी त्याला ठाऊक असलेलं. भूतकाळात बदल झाला की त्यापुढची प्रत्येक ओळ पुन्हा तपासायची. प्रवाशाला जुना इतिहास आठवत असेल, तर नव्या इतिहासातला त्याचा संसार, नोकरी, शेजाऱ्याशी झालेलं भांडण यातलं त्याला काहीच माहीत नसणार. बायको मागच्या दिवाळीबद्दल बोलेल आणि तो गप्प राहील. आपल्याच घरात तो भूत झालेला असतो. हे लिहायचं सोडून बरेच जण त्याला नव्या घराची किल्ली कुठे असते तेही ठाऊक करून टाकतात. शिवाय नव्या इतिहासात वाढलेला 'तो' कुठे गेला, याचंही उत्तर हवं. शेवटी प्रत्येक संवादासमोर एकच प्रश्न लिहावा: हे याला कधी कळलं?

विज्ञानकथा-वाचन
वरच्या मुद्द्याला जोड पुराव्याची. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागतच नाही, अशा इतिहासात इतिहासकार गंगाधरपंत जाऊन येतात. नुसत्या आठवणीवर त्यांचा मित्र राजेंद्रचा विश्वास बसत नाही. बखरीचं फाटकं पान समोर आल्यावर बसतो. ते पान चालतं, कारण ते खिशात चुकून राहिलेलं आहे, इतिहासाला नेमका फाटा फुटल्याचा क्षण त्याच्यावर आहे, आणि घरच्या प्रतीशी ते ताडून बघता येतं. पुरावा मुद्दाम आणलेला किंवा फार मोठा असला की कथा खटल्यासारखी वाटते.

कथालेखन, आणखी एक
कागदाऐवजी शरीरही चालतं. ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किंड्रेड'मध्ये (१९७९) नायिका डेना अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमधून अखेरची परतते, तेव्हा तिचा हात भिंतीत अडकून तुटतो. इतिहास तिच्या अंगावर राहतो. मात्र अशी किंमत आधीच्या जखमांतून चढत यायला हवी, एकदम शेवटी नको.

लोककथा-अभ्यास
आपला मुंजा पिंपळाशी बांधलेला असतो: जागा तीच, माणसं बदलत जातात. कालप्रवाशालाही एका जागेशी बांधून पाहा. एकच वाडा, एकच विहीर, काळ दोनच. तिसरा काळ आणला की लघुकथेत खुलासेच जास्त होतात.