मांजरीच्या पिल्लाची पाण्याची भीती खेळातून कशी घालवावी?

लालबागकरीण

नमस्कार. आम्ही लालबागला जुन्या चाळीत राहतो. दोन खोल्या, आतच मोरी, आणि पाणी पहाटे ठरावीक वेळीच येत असल्याने एक पिंप आणि दोन बादल्या रोज भरून ठेवाव्या लागतात. दीड महिन्यापूर्वी जिन्याखाली एकटे ओरडत असलेले मांजरीचे पिल्लू आम्ही घरी आणले. ती आता साधारण ११ आठवड्यांची आहे. तिचे नाव चिंगी.

गेल्या आठवड्यात ती मोरीच्या कट्ट्यावरून अर्ध्या भरलेल्या बादलीत पडली. मी तिथेच भांडी घासत होते म्हणून तिला लगेच बाहेर काढता आले, पण बादलीच्या गुळगुळीत कडेवर तिची नखे घसरत होती तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. तेव्हापासून ती मोरीकडे फिरकत नाही, नळ सुटला की कपाटाखाली जाऊन बसते, आणि स्वतःच्या वाटीतले पाणीसुद्धा मान लांब करून, मागचे पाय पळण्याच्या तयारीत ठेवून पिते.

तिला रोज आंघोळ घालण्याचा माझा विचार नाही. परंतु चाळीच्या आवारात गाड्या उभ्या असतात, त्यांच्याखाली जाऊन ती कधी तेलाने माखून आली तर धुवावी लागेलच, आणि तेव्हा तिने भीतीने जीव टाकू नये असे वाटते. सासूबाई म्हणतात की एकदा घट्ट धरून बुचकळून काढली की भीती मोडेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट समजावून सांगता येत नाही. खेळता खेळता तिला पाण्याची ओळख करून देता येईल का? किती पाणी घ्यावे, कशात घ्यावे आणि कशाने खेळवावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

पारलेकर

ताई, आपल्याला जे पटत नाही ते बरोबरच आहे. सासूबाईंना एवढेच सांगा की धरून बुचकळले तर पिल्लाला पाण्यासोबत आपल्या हातांचीही भीती बसते. बादलीत ती स्वतः पडली होती आणि आपल्या हातांनी तिला वर काढले होते. त्या हातांबद्दलचा तिचा विश्वास आज शाबूत आहे आणि पुढचे सगळे काम त्याच्याच जोरावर व्हायचे आहे.

माझ्या घरी गेली अनेक वर्षे रस्त्यावरची पोरकी पिल्ले काही आठवडे राहून नवीन घरी जातात, त्यामुळे हे बऱ्याच वेळा करून पाहिले आहे. सुरुवात मोरीत करू नका. खोलीतल्या ज्या कोपऱ्यात ती निर्धास्त झोपते, तिथे कणीक मळायची रुंद परात कोरडीच ठेवा. स्टीलची परात फरशीवर सरकून वाजते आणि त्या आवाजानेच पिल्लू बिचकते, म्हणून खाली पोत्याचा तुकडा आणि आत जुना पंचा पसरा. पहिले तीन-चार दिवस तिचे खाणे परातीशेजारी द्या आणि टेबल टेनिसचा चेंडू आत सोडून तिला खेळू द्या. ती आपणहून परातीत उतरली, चेंडूमागे गोल फिरू लागली, की तोच पंचा कोमट पाण्यात भिजवून पिळून पुन्हा पसरा. तळव्याला ओल लागेल पण पाणी दिसणार नाही, ही मधली पायरी लोक हमखास गाळतात आणि मग पिल्लू ऐकत नाही म्हणतात.

त्यानंतर पंचा काढून परातीत अर्धा सेंटिमीटर पाणी घ्या. इथे मांजरीच्या डोळ्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मांजरीला लांबची हालचाल उत्तम टिपता येते, पण साधारण २५ सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट दिसत नाही. त्यात स्टीलच्या चकचकीत तळावर स्वच्छ पाणी असले की पाणी नेमके कुठे सुरू होते हे तिला कळणे कठीण असते, आणि नकळत मिशा किंवा नाक बुडाले की ती दचकते. म्हणून पाण्यावर चेंडूबरोबर बाटलीचे एक-दोन रंगीत बूचही तरंगत ठेवा, म्हणजे पृष्ठभाग तिच्या लक्षात येतो.

पहिल्या दिवशी ती बहुधा कडेला बसून एक पंजा हवेत धरील, बोटे फाकवील, चेंडूला जेमतेम टेकवील आणि लगेच पंजा झटकून चाटत बसेल. हे झटकणे म्हणजे भीती नव्हे. भिजलेले अंग तिला आवडत नाही इतकाच त्याचा अर्थ असतो, आणि चाटून झाल्यावर ती परत चेंडूकडे वळली तर समजा की गाडी रुळावर आहे. मात्र कान मागे चपटे झाले, शेपूट जमिनीवर आपटू लागली, बुबुळे काळीभोर मोठी झाली किंवा ती अंग चोरून जमिनीसरशी झाली, तर त्याच क्षणी खेळ थांबवा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे या.

पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजरीची शिकारीची ऊर्मी जोरात असते, तेव्हा चार-पाच मिनिटांचा एकेक डाव पुरेसा आहे. प्रत्येक डावाच्या शेवटी तिला चेंडू किंवा काठीला बांधलेले पीस खरोखर पकडू द्या आणि लगोलग बिनमिठाच्या उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा द्या. पकडणे, खाणे, अंग चाटणे आणि झोपणे हा तिचा स्वाभाविक क्रम आहे. तो पुरा झाला की ओल्या पायांची आठवण गोड राहते. काठीची दोरी खेळानंतर उचलून ठेवायला विसरू नका, कारण पिल्ले दोरा गिळतात आणि प्रसंग शस्त्रक्रियेपर्यंत जातो.

दहिसरवासी

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. चिंगीची भीती आज तिचे रक्षण करते आहे. पाणी म्हणजे खेळ हे एकदा तिच्या मनात ठसले आणि पिंप उघडे राहिले, तर ती तरंगणाऱ्या तांब्यामागे आत उडी घेईल, आणि त्या वेळी घरात कोणी नसेल तर काय होईल? त्यामुळे परात आणण्याआधी पिंपावर जड झाकण आणा आणि बादल्यांवर ताटे पालथी घालून वर वजन ठेवा. झाकण ठेवणे शक्य नसलेल्या बादलीत जाड टॉवेलचे एक टोक तळापर्यंत सोडून दुसरे बाहेर पक्के बांधावे, म्हणजे पडलेच तर पिल्लाला नखे रोवून वर येता येईल. प्लास्टिकवर त्याची नखे रुतत नाहीत, हे आपण पाहिलेच आहे.

दुसरी गोष्ट फिनाईलची. आपल्याकडे मोरी आणि लादी फिनाईलने पुसण्याची पद्धत आहे. मांजरीच्या यकृताला फिनॉलच्या जातीची रसायने पचवता येत नाहीत. ओल्या लादीवरून चालून तिने पंजे चाटले की तो अंश थेट पोटात जातो. पाण्याशी खेळणारे मांजर पंजे अधिक चाटणार, म्हणून परातीच्या आसपास तरी फिनाईल वापरू नका आणि परात साध्या पाण्याने खळखळून धुवा.

पारलेकर

झाकणाची सूचना मी सर्वांत आधी लिहायला हवी होती, ती पूर्णपणे मान्य आहे. परंतु भीतीवर भरवसा ठेवून राहणे मला योग्य वाटत नाही. घाबरलेले पिल्लू नळाच्या आवाजाने सैरावैरा पळते आणि तशा पळण्यातच कट्ट्यावरून पाय निसटतो. शिवाय मांजर आणि पाणी यांचे वैर काही सरसकट नाही. तुर्कस्तानातल्या व्हान सरोवराच्या परिसरातली मांजरे पोहण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्याच देशात सुंदरबनच्या पाणथळीत मासेमार मांजर पाण्यात शिरून मासे धरते. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज मात्र कोरड्या प्रदेशातले रानमांजर, त्यामुळे यांचा अंगरखा भिजला की पाणी धरून जड होतो आणि लवकर वाळत नाही. चिंगीला पोहायला शिकवायचे नाहीच. ओले झाले तरी जिवाला धोका नाही आणि जवळचे माणूस सोबत आहे, एवढेच तिला कळावे.

मुलुंडची आई

माझी मुलगी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, म्हणून तिला विचारून लिहिते आहे. पहिली चौकशी तिने केली ती बादलीत पडण्याची. त्यानंतर चिंगीला खोकला, धाप किंवा सुस्ती जाणवली असेल, तोंड उघडे ठेवून ती श्वास घेत असेल, तर खेळाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या, कारण फुप्फुसात पाणी गेल्याचा त्रास मागाहूनही दिसू शकतो.

मांजरीचे शरीर ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्याहून थोडे अधिक गरम. आपल्याला कोमट वाटणारे पाणी तिला गारच लागते, आणि लहान पिल्लाचे अंग भिजल्यावर पटकन गार पडते. खेळाचे पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद ऊन लागेल इतपत असावे आणि निवले की बदलावे. पुढे कधी धुवावे लागलेच तर माणसांचा शांपू वापरू नका, डोक्यावर पाणी ओतू नका, आणि पिसवांचे औषध मानेवर सोडले असेल तर दोन दिवस तरी अंग भिजवू नका. अंगाला तेल किंवा ग्रीस लागून आली तर ती चाटण्यापूर्वीच डॉक्टरांना फोन करा. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच वाळत नाही. ओलसर राहिलेल्या पिल्लाला नायट्यासारखे बुरशीचे विकार होऊ शकतात आणि ते घरातल्या माणसांनाही लागतात. म्हणून प्रत्येक डावानंतर सुती पंचाने पाय टिपून घ्या, खसाखसा पुसू नका.

पिण्याची वाटी मोरीपासून दूर न्या आणि खोलगट वाटीऐवजी पसरट बशी ठेवा, म्हणजे मिशा कडेला घासणार नाहीत.

लालबागकरीण

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून कळवते. चिंगीला खोकला किंवा धाप नव्हती, तरीही डॉक्टरांना दाखवून घेतले. पिंपावर लाकडी फळीचे झाकण केले, बादल्यांवर ताटे आली, फिनाईल बंद केले. बशी बदलल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती जवळ बसून पाणी पिऊ लागली.

परातीत उतरायला तिला पाच दिवस लागले. ओल्या पंचाला ती बिलकूल बिचकली नाही, पण पाणी पाहताच दोनदा मागे फिरली, तेव्हा आम्ही पुन्हा पंचावर आलो. दहाव्या दिवशी लाल बूच तिने पंज्याने कडेपर्यंत ओढत आणले, तोंडात धरले आणि नेऊन सासूबाईंच्या पायाशी टाकले. तेव्हापासून संध्याकाळचा डाव सासूबाईंनी स्वतःकडे घेतला आहे. मनगटावर पाणी पारखून पाहण्याचे काम तर त्या मला करूच देत नाहीत. आमच्या मुलांना न्हाऊ घालताना त्या ज्या काळजीने पाणी विसणत, त्याच काळजीने परातीतले पाणी विसणतात.

नळ पूर्ण सोडल्यावरचा आवाज तिला अजून सोसत नाही. मात्र काल पहाटे पाणी भरून झाल्यावर नळ थोडा ठिबकत होता, तेव्हा ती मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आली, बराच वेळ बसून राहिली, आणि मग एक पंजा पुढे करून तिने उडालेला थेंब दाबून धरला. मी जागची हलले नाही. नळाच्या आवाजासाठी आता काय करावे, हे पारलेकरकाकांनी सवडीने सांगावे. तोपर्यंत आम्ही थेंबांवरच थांबतो.