लंपन पुन्हा हातात घेताना: क्रम, वेग, भाषा आणि फसण्याच्या जागा

बेळगावात आजीआजोबांकडे राहणाऱ्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथांची प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं: 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१), 'झुंबर' (२००२). चारही मौज प्रकाशनाची. शाळा-कॉलेजात असताना वाचलेली ही मालिका तिशी-चाळिशीत पुन्हा काढली की काहींची गाडी सुसाट सुटते आणि काहींची पन्नासाव्या पानाशी अडते. का अडते, आणि अडू नये म्हणून काय करायचं, हे नेमकं लिहा. 'डोळे पाणावले' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सगळ्यांचे पाणावतात. पुस्तक कुठून सुरू केलं, किती वेगाने वाचलं, शेजारी काय ठेवलं, काय टाळलं, असं लिहा, आणि वर आपलं टोपणनाव द्या.

जुना वाचक

क्रमापासून सुरुवात करतो. प्रकाशनाचाच क्रम ठेवा. या मुळात सुट्या कथा आहेत, त्यामुळे कुठूनही उचलली तरी चालते असं वाटतं, आणि पहिल्या वाचनात ते चालूनही जातं. दुसऱ्या वाचनात चालत नाही, कारण तेव्हा बघायचा असतो तो लंपनचा बदलत जाणारा आवाज. 'वनवास'मधला मुलगा जे पाहतो ते सगळं सांगतो. 'झुंबर'पर्यंत येईतो तो काही गोष्टी पाहतो आणि सांगत नाही. हा फरक क्रम मोडला की हातून जातो. वाचनालयात नेमकं 'झुंबर'च शिल्लक असतं म्हणून तिथून सुरुवात करणारे पुष्कळ. तसं करू नका, 'वनवास' परत येईपर्यंत थांबा.

वेग: दिवसाला एक कथा, फार तर दोन. एका पुस्तकानंतर आठवडाभर सुट्टी. शनिवार-रविवारात चारही संपवणाऱ्यांची एकच तक्रार असते, की लंपनच्या तोंडचा 'मॅड' हा शब्द आणि त्याचे ते अचाट आकडे डोक्यात जायला लागतात. तक्रार खरी आहे, पण तिचं कारण वाचण्याच्या पद्धतीत आहे. यातल्या पहिल्या काही कथा साठच्या दशकात 'सत्यकथा' मासिकात आल्या, मग फार मोठा खंड पडला आणि बाकीच्या पुढे नियतकालिकांतून येत गेल्या. प्रत्येक कथेला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, म्हणून घर, शाळा, आजीआजोबा, लंपनची मैत्रीण सुमी यांची थोडी ओळख पुन्हा पुन्हा होते. महिन्याच्या अंतराने वाचणाऱ्याला ती ओळख हवीशी वाटते, तासाच्या अंतराने वाचणाऱ्याला ती खुपते.

पेन्सिलवाला

वरच्या आकड्यांच्या मुद्द्याला जोडून. लंपन 'खूप वेळा' म्हणत नाही, तो हजारांत जाणारा आणि मुद्दाम वेडावाकडा आकडा फेकतो. लहानपणी ती नुसती गंमत वाटते. आता एक करून बघा: प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि समासात लिहा, त्या क्षणी मुलाला काय होत होतं. आनंद, भीती, लाज, कंटाळा, एकच शब्द. दोन-तीन कथांतच दिसायला लागतं की जिथे भावनेला शब्द सापडत नाही तिथे आकडा येतो.

दुसरी खूण मोठ्या माणसांच्या अर्धवट वाक्यांना. आजी काहीतरी बोलता बोलता थांबते, आजोबा विषय बदलतात, पाहुणे आवाज खाली आणतात. लंपन ते ऐकतो, आपल्याला सांगतो, आणि पुढे खेळायला जातो. पोरवयात आपणही त्याच्याबरोबर खेळायला गेलेलो असतो. पुन्हा वाचताना तिथे दहा सेकंद थांबायचं. हा मुलगा आईवडिलांपासून लांब आजीआजोबांकडे का राहतो, त्या घरात कुणाला कशाची काळजी आहे, हे याच वाक्यांत आहे, आणि वेगळं समजावून कुणी सांगत नाही. पहिला संग्रह आला तेव्हा लेखक सत्तावन्न वर्षांचे होते. एवढ्या वयाचा माणूस सबंध मालिकाभर स्वतःच्या मोठेपणाला मध्ये तोंड घालू देत नाही, ही कारागिरी खुणा केल्याशिवाय नजरेत भरत नाही.

साहित्य: २बी पेन्सिल, रबर, बस. पेन नको. चिकटपट्टीचे रंगीत कागदही नकोत, त्यांचा गोंद काही वर्षांनी पानावर पिवळा डाग धरतो आणि पुस्तक फुगून बांधणी सैल होते.

सीमाभागातून

भाषेचं थोडं. कथा बेळगावच्या मातीतल्या आहेत आणि तिथली मराठी कानडीच्या शेजारात वाढलेली. पुण्या-मुंबईचा वाचक अनोळखी शब्दाशी थांबून शब्दकोश काढतो आणि कथेची लय मोडून बसतो. कोशात यातले निम्मे शब्द मिळणारही नाहीत. पहिल्यांदा सरळ पुढे जा, वाक्यातून अर्थ लागतो. ज्यांना थोडी पूर्वतयारी करायची आहे त्यांना एवढं कानडी या भागातलं कुठलंही लिखाण वाचायला पुरेल: हौदु म्हणजे हो, इल्ला म्हणजे नाही, बेकु हवं, बेडा नको, येनु काय, बा ये, गोत्तिल्ला माहीत नाही. नात्यांत अव्वा, अक्का, अण्णा, आणि धाकट्या बहिणीला तंगी. बेळगावी मराठीत 'काय करतोयस'ला 'काय करुलालास' म्हणतात. तो उच्चार एकदा कानात बसला की संवाद आपोआप योग्य चालीत वाचले जातात.

कथांतल्या माणसांच्या आडनावांकडेही बघा, त्यांत नकाशा आहे. कणबर्गी गंग्यातलं कणबर्गी आणि हिंडलगेकर अण्णांचं हिंडलगा ही दोन्ही बेळगावला लागून असलेली गावं. जंब्या कटकोळमधलं कटकोळ रामदुर्ग तालुक्यातलं, म्हणजे कानडी मुलखात आत. आणि म्हापसेकर सर थेट गोव्यातल्या बार्देशातले. एका शाळकरी पोराच्या ओळखीपाळखीत कर्नाटक, गोवा आणि मराठी मुलूख असे सहज नांदतात.

काळाचं भान ठेवा. लेखकाचा जन्म १९३७चा, म्हणजे त्यांचं बेळगावातलं बालपण मुंबई इलाख्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि 'बेळगावी' हे सरकारी नाव २०१४चं. सीमावादाचा चष्मा लावून या कथा वाचल्या तर हाती काही लागत नाही. तो वाद पेटायच्या आधीचं गाव आहे हे.

गाव बघायला जाणाऱ्यांसाठी: ठळकवाडीतली रेल्वे फाटकं आजही पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशीच ओळखली जातात. जायचं तर जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जा. सुमारे ७५० मीटर उंचीवरचं गाव आहे, पाऊस झिमझिम लागून राहतो, आणि जांभ्याची तांबडी माती ओली झाली की या कथांतला उजेड कसला ते कळतं. मे महिन्यात जाऊन 'असं काही दिसलं नाही' म्हणू नका.

कट्टा चालवणारी

मोठ्याने वाचन हा या पुस्तकांसाठी सगळ्यांत चांगला मार्ग, पण त्यातही गोची आहे. हिशेब असा: मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. पानावर तीनशे शब्द धरले तर वीस पानांच्या कथेला पन्नास मिनिटं लागतात. वर बोलायला अर्धा तास. म्हणजे दीड तासाच्या बैठकीत एकच कथा. दोन ठेवल्या की दुसरी घाईत जाते. माणसं चार ते सहा. आठांच्या पुढे निम्मी नुसती ऐकत बसतात.

वाचणाऱ्याच्या तीन चुका ठरलेल्या.

एक, लहान मुलाचा आवाज काढणं. लंपनचं निवेदन बोबडं नाही, ते अतिशय नेमकं आहे. आपल्या नेहमीच्या आवाजात वाचा.

दोन, कानडी हेल काढून दाखवणं. पहिल्या मिनिटाला हशा येतो आणि मग पुढचा तासभर त्या माणसाचं दुःखसुद्धा विनोदी होऊन बसतं.

तीन, आकडे आणि 'मॅड' यांवर जोर देणं. ते सपाट वाचायचे, जणू त्यात विशेष काही नाहीच. तिशीच्या आतली मंडळी एकोणऐंशी-एकोणनव्वदपाशी हमखास ठेचकाळतात, तेव्हा आधी एकदा डोळ्यांखालून घालून ठेवा. (बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी संख्यानामं आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या पोरांना लंपनचे आकडे वाचून दाखवायला मजा येईल.)

'शारदा संगीत' ही कथा वाचण्याआधी गाणी लावून 'वातावरणनिर्मिती' करू नका. कथा स्वतःची शांतता घेऊन येते. नंतर ऐकायचं तर जरूर ऐका. कुमार गंधर्वांचा जन्मही त्याच बेळगाव जिल्ह्यातला, सुळेभावीचा.

दूरदेशी

परदेशातून गट करणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. भारतातले रात्रीचे ८ म्हणजे उन्हाळ्यात लंडनचे दुपारचे साडेतीन आणि न्यू जर्सीचे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. घड्याळं बदलण्याची तारीख अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगळी असते, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी एखादी बैठक हमखास चुकते. वाचणारा एकच ठेवा, बाकीच्यांनी माइक बंद. आळीपाळीने परिच्छेद वाचायला गेलं की आवाज मागेपुढे पोचतो आणि प्रत्येक बदलाला पाच-सहा सेकंद जातात. लंपनच्या लांब, एकात एक गुंतलेल्या वाक्यांचा त्यात पार चुराडा होतो.

तिकडे वाढलेल्या मुलांना द्यायची तर सावकाश. हे मुलाविषयीचं पुस्तक आहे, बालवाङ्मय नव्हे. फास्टर फेणेच्या शेजारी फळीवर ठेवून दहाव्या वर्षी हातात दिलं की मूल 'यात काही घडतच नाही' म्हणून परत करतं, आणि ते आपल्या जागी बरोबर असतं. फेणे प्रत्येक पुस्तकात तेवढाच राहतो, नवं साहस करतो. लंपन साहस करत नाही, मोठा होतो. तेरा-चौदाच्या आत नको. त्याआधी एखादीच कथा वाचून दाखवा.

दोन गोष्टी तेवढ्या आधी सांगून ठेवा, नाहीतर सारखे प्रश्न येतात. पैसे: १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै, दशमान नाणी १ एप्रिल १९५७पासून. इयत्ता: त्या काळच्या 'इंग्रजी' इयत्तेत ४ मिळवायचे, की आजची इयत्ता निघते. इंग्रजी पहिली म्हणजे पाचवी, इंग्रजी तिसरी म्हणजे सातवी.

जुना वाचक

मालिका आधी की पुस्तक, हा प्रश्न येणारच, म्हणून लिहून टाकतो. निपुण धर्माधिकारींची 'लंपन' ही वेबमालिका २०२४मध्ये सोनी लिववर आली आणि त्याच वर्षी गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्तम वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. चांगली आहे. तरी पुनर्वाचन चालू असताना बघू नये. या कथांचा जीव लंपनच्या मनातल्या बोलण्यात आहे, पडद्यावर त्यातलं थोडंच येऊ शकतं. शिवाय आजीला एकदा चेहरा मिळाला की तुमच्या डोक्यातली आजी परत येत नाही. चारही पुस्तकं होऊ द्यात, मग बघा.

तीच गोष्ट चरित्राची. संत हे कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे चिरंजीव, कराडला भूशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षितांचं 'अमलताश' हे आठवणींचं पुस्तक वाचलं की बरेच धागे जुळतात, पण ते शेवटी. आधी वाचलं तर प्रत्येक पानावर 'हे खरंच घडलं होतं का' हा खेळ सुरू होतो आणि कथा पुरावा होऊन बसते. मातीचे, दगडाचे, उजेडाचे बारकावे भूशास्त्रज्ञाच्या नजरेतून आले असतील का, असले तर्क मीही करतो, पण वाचून झाल्यावर.

पेन्सिलवाला

'अमलताश'बद्दल सहमत. मात्र इंदिराबाईंची कविता मधे मधे चालते असं मला वाटतं. 'पंखा' आणि 'झुंबर' यांच्या मधल्या सुट्टीत 'मेंदी' किंवा 'मृगजळ' घ्या. ना. मा. संत १९४६ला गेले, हे दोन्ही संग्रह पन्नाशीच्या दशकातले. लंपनच्या घरात मोठी माणसं जिथे गप्प होतात, तिथला एक आवाज या कवितांत ऐकू येतो.

कट्टा चालवणारी

चालेल, पण कविता बैठकीत नको, ज्याने त्याने घरी वाचावी. बैठकीत आणली की चर्चा लंपनवरून घसरते आणि पुन्हा त्याच 'खरं की खोटं'वर येते. आणि 'झुंबर'च्या शेवटच्या कथेनंतर चर्चाच ठेवू नका. वाचा, पुस्तक मिटा, चहा घ्या. बोलायचं ते पुढच्या आठवड्यात.