'ओर्दा'ला 'टोळी' म्हणावं का?

दुभाषी: रशियावर सत्ता गाजवणाऱ्या मंगोल खानांच्या राज्याला रशियनमध्ये 'ओर्दा' म्हणतात. रशियन इतिहासाच्या अनुवादात त्यावरून एका वाक्यावर अडले आहे: 'राजा ओर्दात जाऊन यारलिक घेऊन आला.' यारलिकला 'सनद' चपखल बसते. खानाच्या सनदेवाचून रशियन राजांना व्लादिमिर शहराची गादी मिळत नसे. पण 'टोळी'कडून सनद कशी आणणार?

मोडीप्रेमी: 'टोळी' इंग्रजी 'होर्ड'वरून आली. मूळ तुर्की 'ओर्दू' म्हणजे खानाचा तळ, दरबारासकट. 'उर्दू'चं मूळही तेच. 'छावणी' लिहा.

जुनापाणी: छावणी पावसाळ्यात एका जागी पडते. ओर्दाचा खान बातू, त्याचा तळ जानेवारीपासून व्होल्गाकाठानं उत्तरेला सरके आणि ऑगस्टात माघारी वळे. त्यापेक्षा 'गोट' बरा.

साधंसोपं: 'खानाच्या गोटात गेला' वाचलं की आज फितुरीच वाटते. ओर्दासाठी 'सुवर्ण टोळी' रूढ आहे, राहू द्या.

मोडीप्रेमी: रूढ आहे म्हणून चूक चालवायची? त्यातलं 'सुवर्ण'सुद्धा १६व्या शतकातल्या रशियन लिखाणातलं. आधीचे बखरकार नुसतं 'ओर्दा' लिहितात.

दुभाषी: आणि 'विखोद'ला, म्हणजे रशियातून खानाला जाणाऱ्या पैशाला, खंडणी चालेल?

जुनापाणी: काळ बघून. १२५७ मध्ये खानाच्या माणसांनी सुझ्दाल, र्‍याझान या रशियन मुलखांत शिरगणती केली, दहा-शंभर-हजार-दहा हजार असे गट पाडले, धर्मगुरूंना वगळलं. ती 'पट्टी'. १४व्या शतकात मॉस्कोचा राजा स्वतः वसूल करून सराईला, म्हणजे खानाच्या राजधानीला, पोचवू लागला, ती 'खंडणी'. हा फरक अनुवादात दिसायलाच हवा, कारण सत्ता ढिली झाली ती इथेच. वसुलीची यंत्रणा मॉस्कोच्या हाती गेली, आणि १३५९ नंतर सराईत भाऊबंदकी माजल्यावर पैसा अडवून धरणं राजाला जमू लागलं.

साधंसोपं: वसुलीवर देखरेख करणारा 'बास्काक' म्हणजे आपला दरोगाच ना?

मोडीप्रेमी: हो. तुर्की 'बास' म्हणजे दाबणे, मंगोल 'दारु' म्हणजेही दाबणे. त्यातून 'दारुगा', मग फारसी 'दारोगा'. दाबायचा तो शिक्का, असं माझं मत.

जुनापाणी: शिक्का कशाला? दाबायची ती प्रजा!

साधंसोपं: मंगोल सत्तेसाठीच्या रशियन 'इगो' शब्दाचं काय करणार? 'मंगोल जोखड' सगळेच लिहितात.

मोडीप्रेमी: 'जू' लिहा. 'इगो' आणि संस्कृत 'युग' एकाच मुळाचे, 'जू' त्या 'युगा'वरूनच आलेलं. १४८० मध्ये उग्रा नदीवरून ओर्दाचा अहमद खान लढाईविना माघारी गेला, तेव्हा ते उतरलं.

जुनापाणी: इतकं सरळ नाही. त्या वेळचा मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान, त्याच्या मृत्युपत्रातही तातार खानांना द्यायच्या 'विखोद'ची तरतूद आहे. तिथे कोणता शब्द घालणार, खंडणी की नजराणा?