मदत हवी आहे: सीटीसी २ लाख ४० हजार म्हणजे हातात किती? आणि पार्टटाइमला किती मागावे?

सिंहगडरोडकर:
भाचा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. खराडीच्या एका बीपीओची ऑफर आलीये, परीक्षेनंतर रुजू व्हायचं. सीटीसी वर्षाला २ लाख ४० हजार, बेसिक १४ हजार. तोवर संध्याकाळी चार तास डेक्कनला कपड्यांच्या दुकानात काम करेल, पण मालक पगाराचं 'काम बघून देऊ' म्हणतात. घरी सगळे महिना २० हजार धरून बसलेत. खरा आकडा काय?

पगारपत्रक:
२० हजार धरू नका. सीटीसी म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च, त्यात कंपनीने भरायचे पैसेही असतात. महिन्याचा ढोबळ हिशोब:

कंपनीचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बेसिकच्या म्हणजे मूळ पगाराच्या १२ टक्के, १,६८०. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची तरतूद) बेसिकच्या ४.८१ टक्के, ६७३. कंपनीचा ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ग्रॉसच्या, म्हणजे कपातीआधीच्या पगाराच्या, ३.२५ टक्के, ५५६. हे वजा जाता ग्रॉस १७,०९१. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,६८०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १२९, प्रोफेशन टॅक्स २००. हातात १५,०८२. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स ३०० कापतात, तेव्हा १०० कमी. (मुलींना २५ हजारांपर्यंत हा टॅक्स नाही.)

हे सगळं इन्सेंटिव्ह सीटीसीत धरलेला नसेल तर. २ लाख ४० हजारांत ३० हजार 'व्हेरिएबल' (कामगिरी बघून मिळणारे) असतील तर दरमहा येणारा आकडा आणखी उतरतो, आणि फसगत बहुतेक इथेच होते. एचआरला मेलवर विचारा: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, ट्रेनिंगच्या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड, कॅबचे पैसे कापणार का. फोनवरच्या उत्तरावर जाऊ नका. बाँडसाठी (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) मूळ मार्कशीट मागितली तर झेरॉक्स द्या, मूळ प्रत अजिबात नको.

सिंहगडरोडकर:
धन्यवाद, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पीएफ नको म्हटलं तर ते १,६८० हातात येतील ना?

पगारपत्रक:
नाही. पीएफचं वेतन १५ हजारांपर्यंत असलं की तो सक्तीचा, 'नको' म्हणायची सोय नाही. आणि नकोच कशाला? नोकरी बदलली तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवायचा, पैसे साठत जातात. पहिल्या दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून कंपनीचा हिस्साही जमा झालाय का ते बघायला सांगा. पगारातून कापायचं आणि भरायचंच नाही, हे प्रकार होतात.
ईएसआयचंही तसंच. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू. महिना १२९ रुपयांत त्याच्यावर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात, बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. कार्डावर आईवडिलांची नावं रुजू होतानाच घालून घ्या. मागाहून घालायची म्हणजे ऐन आजारपणात धावपळ.

दुकानकामगार:
दुकानाचं सांगतो. 'बघून देऊ' ला हो म्हणू नका, तासाचा दर आधी ठरवा. किमान वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. हा भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा दुकाने व व्यापारी आस्थापनांचा चालू तक्ता कामगार आयुक्तांच्या साइटवर बघा. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात आणि पुणे शहर परिमंडळ १ मध्ये येतं. महिन्याच्या दराला २६ ने भागलं की रोज, त्याला ८ ने भागलं की तास. समजा दर १३ हजार, तर रोज ५०० आणि तास ६२.५०. चार तासांचे २५०. याच्या खाली जाऊ नका, मागताना त्याच्या वरून सुरुवात करा.
दिवाळीच्या गर्दीत चाराचे सात तास होतात. त्या वाढीव तासांचे पैसे, साप्ताहिक सुट्टी आणि पगाराची तारीख एवढं तरी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मालकाचं नुसतं 'ओके' आलं तरी पुढे वाद झाल्यास कामाला येतं. रोख पगार मिळणार असेल तर वहीत सही करताना आकडा वाचूनच करायची, कोऱ्या रकान्यात नाही.

सिंहगडरोडकर:
दुकानदाराला आजच मेसेज करायला सांगतो. बीपीओचं ब्रेकअप आलं की इथेच टाकतो, तेवढं बघाल का?

पगारपत्रक:
टाका. नाव आणि एम्प्लॉयी कोड झाकून टाका.