तान्ह्या पोळ्याचा बोजारा पोकेमॉनच्या पाकिटांत! चालू द्यावं का?

महालकर: पोरानं लाकडी बैल घेऊन आख्खी गल्ली फिरून बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, जमवला अन् दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारात सगळा पोकेमॉन कार्डांत घातला. पाकीट बंद, आत काय ते फोडल्यावर कळणार. ही लॉटरीच झाली. आम्हीही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर पैलवानांची वजनं पाठ केली, पण तो गठ्ठा एकदा घेतला की झालं. इथं पुरं होतच नाही. शाळकरी पोट्ट्यांना बंद पाकीट विकूच नये.

सदरची_मावशी: पाकिटाचं पटलं, खेळाचं नाही. पोरासोबत एक डाव खेळून पाहा. साठ कार्डांचा डेक, एका नावाची चारच (हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जा कार्डं सोडून), सहा बक्षीस कार्डं बाजूला. पहिल्या संचातला मॅजिकार्प बघा. बिचारा मासा, जीव फक्त ३०. पण अंगावर जितक्या जखमांच्या खुणा, तितके दहा-दहा त्याच्या फटक्यात. म्हणजे मरायला टेकला की जास्त लागतो! चारिझार्ड १०० चा जाळ फेकतो, पण प्रत्येक वेळी दोन ऊर्जा कार्डं टाकून. माझा भाचा पाढ्यांना कंटाळतो, हा हिशेब मात्र क्षणात करतो.

इतवारी_उधारी: मावशी, खेळून कोण राहिलं? पोट्टे प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून भाव विचारतात. २०२२ मध्ये एक पिकाचू कार्ड ५२ लाख डॉलरच्या वर गेल्याचं समजलं, तेव्हापासून आमच्या बिल्डिंगीत सगळेच व्यापारी. वर ते सोनेरी चमकणारे पत्ते! बहुतेक नकली. असली कार्ड कडेनं पाहिलं की मधोमध काळसर रेघ दिसते, तेवढं तरी तपासा.

सदरची_मावशी: भाव मोठ्यांनीच लावला ना? पोरांना तर क्यूबोन आवडतो, मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून फिरणारा. त्याला भाव नाही म्हणून कोणी फेकत नाही.

धरमपेठ_पेन्सिल: एक मधला रस्ता. आमच्या पोट्टीनं कोऱ्या पुठ्ठ्यावर स्वतःची कार्डं केली. पिवळी मारबत (रोगराई घेऊन जाणारा मिरवणुकीतला पुतळा), जीव ९०, हल्ला: ‘घेऊन जा गे मारबत’. समोरच्याचा सर्दी-खोकला उचलून आपल्याकडे घेते, पण प्रत्येक आजारामागे तिचे दहा जातात. मिरवणुकीतला दुसरा पुतळा, बडग्या, तिचा मदतनीस.

महालकर: हे एक नंबर! यात दुकानदाराचं काय जातंय?

इतवारी_उधारी: कमजोरी लिहिली का?

धरमपेठ_पेन्सिल: आग, तिचा फटका दुप्पट. मिरवणूक संपल्यावर जाळतातच ना तिला.