दोन किहोतेची चित्रं डोरेपासून सुरू होत नाहीत

केतकी: "डोरेच्या आधीची दोन किहोतेची चित्रं म्हणजे बाजारू विदूषकी, थेट १८६३ ची बघा," असं समीरनं काल लिहिलंय. म्हणजे 'दोन किहोते' या सर्व्हान्तेसच्या स्पॅनिश कादंबरीची, फ्रेंच चित्रकार डोरेनं काढलेली १८६३ ची चित्रंच तेवढी बघायची! रात्रभर डोक्यातून जाईना. अरे, १६५७ ला हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्टच्या साव्हेरी या प्रकाशकानं डच भाषांतरात तांब्यावर कोरलेली २४ चित्रं घातली. ब्रसेल्सच्या १६६२ च्या स्पॅनिश आवृत्तीत त्यांच्याच नकला आल्या. खुद्द माद्रिदला सचित्र आवृत्ती निघायला १६७४ उजाडलं! आणि डोरेनं चित्र काढलं, लाकडावर कोरलं पिझाँनं. त्याचं नाव कोण घेतं?

समीर: पिझाँचं मान्य. बाकी नाही. आधी विदूषकी, नंतर दरबारी. १७८० ला स्पॅनिश अकादमीनं मुद्रक इबार्राकडून चार खंड छापून घेतले. देखणे आहेत, पण चित्रांत जीव नाही. वेड कुठाय त्यात?

केतकी: न्हाव्याचं पितळी भांडं शिरस्त्राण म्हणून डोक्यावर चढवणारा माणूस सर्व्हान्तेसनंच लिहिलाय ना? चित्रकारानं काय गंभीर काढायचा?

मधुरा: मला वेगळ्याच गोष्टीचा संताप आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र मजकुराबरोबर छापता येत नाही, त्याचं छापयंत्र वेगळं. म्हणून पान सुटं छापून मागाहून पुस्तकात घालायचे, आणि आता पानं कापून विकणाऱ्यांचं फावतं. लंडनला एका दुकानात टॉन्सन या प्रकाशकाच्या १७३८ च्या आवृत्तीतली, चित्रकार व्हँडरबँकची चित्रं सुटी विकायला होती. पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट बोटाला लागत होती. पुस्तक कुठाय विचारलं, तर म्हणे आधीच खिळखिळं झालं होतं. डावी कड ब्लेडनं कापलेली सरळ दिसत होती!

विनायक: सगळ्यांना चोर ठरवू नका. माझ्याकडे असंच एक पान आहे. अख्खं पुस्तक सात जन्मांत परवडलं नसतं. ते भिंतीवर लागलं म्हणून मी कादंबरी हातात घेतली.

मधुरा: आणि ज्याच्या वाट्याला उरलेलं बिनचित्रांचं पुस्तक आलं, त्यानं काय हातात घ्यायचं?

विनायक: मी कापलं नाही, ताई. आवाज खाली.

मधुरा: तुम्ही विकत घेता म्हणून कुणीतरी कापतं.

समीर: मूळ मुद्द्यावर या. केतकी, 'बाजारू' शब्द मागे घेतो. 'विदूषकी' राहील, पण शिवी म्हणून नाही. डोरेच मोठा, हेही राहील.

केतकी: राहू दे. पण पुढच्या वेळी पिझाँसकट लिही.

मधुरा: विनायकजी, फ्रेम काढून तुमच्या पानाची डावी कड बघा आणि इथे सांगा.

विनायक: पाहिली. सरळ आहे.