मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हाळ्यात एलएफपी बॅटरी की एनएमसी?
नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे घरात ठरले आहे, पण बॅटरी कोणत्या रसायनाची घ्यावी, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) की एनएमसी (निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची), यावर घोडे अडले आहे. राहणे नागपूरला, रोजचे जाणे-येणे शहरातच, मात्र अधूनमधून अमरावतीला जाऊन त्याच दिवशी परतायचे असते, म्हणजे एकूण तीनशे किलोमीटरच्या आसपास. सोसायटीचे पार्किंग पत्र्याच्या शेडखाली असल्याने मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी दाराच्या हँडलला हात लावता येत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मला बऱ्यापैकी उलगडला आहे. एलएफपीमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा बंध पक्का असल्यामुळे सेल (बॅटरीतला एकेक घटक) अतिशय तापला तरी कॅथोडमधून, म्हणजे धन ध्रुवातून, प्राणवायू सहजासहजी सुटत नाही. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या एनएमसीमध्ये तो तुलनेने कमी तापमानाला सुटतो आणि आगीला आतूनच खतपाणी मिळते. अर्थात सगळे रसायनावरच ठरते असे नाही, बनावटही नीट हवी. २०२१ मध्ये शेव्हरले बोल्टच्या सगळ्या गाड्या परत मागवल्या गेल्या, त्यामागे अॅनोडचा (ऋण ध्रुवाचा) फाटलेला टॅब म्हणजे जोडपट्टी आणि दुमडलेला सेपरेटर म्हणजे दोन ध्रुवांमधला पडदा, असे कारखान्यातले दोष होते.

वजनाला हलकी असल्याने रेंजच्या बाबतीत एनएमसी उजवी ठरते, हे मान्य. एलएफपी सेलमध्ये किलोमागे साधारण १६० ते १८० वॉट-तास, तर एनएमसीमध्ये २२० ते २६० वॉट-तास मावतात, म्हणजे ५० किलोवॉट-तासांच्या पॅकमध्ये नुसत्या सेलच्या वजनात ऐंशी-नव्वद किलोंचा फरक पडतो. पण महिंद्राने एक्सईव्ही ९ई मध्ये ७९ किलोवॉट-तासांचा एलएफपी पॅक दिला आहे आणि क्रेटा इलेक्ट्रिकचा एनएमसी पॅक ५१.४ चा आहे. त्यामुळे ‘लांबचा प्रवास असेल तर एनएमसीच घ्या’ हा शोरूममध्ये मिळालेला सल्ला मला पटलेला नाही.

खरी अडचण पुढेच आहे. एलएफपीचा व्होल्टेज चार्जिंगच्या मधल्या मोठ्या टप्प्यात सेलमागे ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो, म्हणून बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) उरलेल्या चार्जचा अंदाज नीट लागत नाही आणि अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करण्याची सूचना दिली जाते. दुसरीकडे, पूर्ण भरलेली बॅटरी तापत राहिली तर ती लवकर थकते, आणि हे एलएफपीलाही लागू आहे. मग मे महिन्यात या दोन्हींचा मेळ कसा घालावा? रात्री उशिरा १०० टक्के करून पहाटेच निघावे, की उन्हाळाभर ८० वर थांबून गाडीने दाखवलेल्या आकड्यातली थोडी चूक सोसावी?

विदर्भात किंवा मराठवाड्यात एलएफपीची गाडी दोन-तीन उन्हाळे वापरलेल्यांनी कृपया सांगावे : बॅटरीची क्षमता किती टिकली आहे, एसी चालू ठेवून हायवेवर खरी रेंज किती मिळते, आणि दुपारी फास्ट चार्जरवर वेग आपोआप कमी होतो का? ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) पॅकचे तापमान कोणी पाहिले असेल, तर गाडी उभी असतानाचे आकडेही द्यावेत.